दाण्याआधी पाणी

मार्च उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीतही गच्चीवर, वट्ट्यावर, सांदवाडीत मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी पडू लागते. हौस चांगलीच आहे. पण ज्यांच्या गाण्यासाठी आपण कान टवकारतो, ते पक्षी बहुधा या दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पहाटे अँटेनावर बसून शीळ घालणारा दयाळ किड्यांवर जगतो. शिंपी, नाचण, सुभग यांचंही तेच. शिंजीर फुलांतला मध पितो आणि जोडीला कोळी-किडे टिपतो. बुलबुलाला फळं आणि किडे हवेत. दाण्यावर येतात त्या चिमण्या, मुनिया, होले आणि वस्ती दाट झाली की पारवे. दाण्याची गरजही इथे फारशी नाही. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, तेव्हा तर बांधावरचं गवतही बियांनी लगडलेलं असतं. खरी ओढाताण सुरू होते उन्हाळ्यात, आणि ती पाण्याची असते.

याचं कारण पक्ष्याच्या शरीरात आहे. गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या शरीराचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला, नवतपा लागला, की हा हिशेबच उलटतो: आता हवाच पक्ष्याला तापवू लागते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, पाण्याची वाफ करण्याचा. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी टाकून तो धापा टाकतो, ते त्याचं घाम येणं. होले-पारवे कातडीतूनही बरंच पाणी उडवू शकतात; दयाळ-शिंप्यासारख्यांना मात्र मुख्यतः धापेवर भागवावं लागतं, आणि धापा टाकायच्या कष्टानेही थोडी उष्णता वाढतेच. शिवाय जीव जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने पाण्याची घट मोठी. १९३२ च्या जानेवारीत दक्षिण ऑस्ट्रेलियात उष्णतेची लाट आली, तेव्हा बजरीगर (आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून पिंजऱ्यात विकतात तेच) आणि झेब्रा फिंच हजारोंनी मेले. हे तर वाळवंटात मुरलेले पक्षी. किडे खाणाऱ्याला किड्यांच्या शरीरातूनच पाणी मिळतं, त्याला पाण्याचं परळ कशाला, असं कुणी म्हणेल. एरवी ते खरंच आहे. पण भर दुपारी शिकार करायची तर उन्हात उडावं लागतं, आणि त्यात मिळकतीपेक्षा खर्च जास्त होतो. दयाळाची वीण ऐन याच दिवसांत येते, त्यामुळे सावलीत बसून राहण्याची चैन त्याला परवडत नाही.

म्हणून मातीचं पसरट परळ, दोन-तीन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड आणि वर कडुनिंबाची सावली, एवढ्यावर जे पाहुणे येतात ते पोतंभर ज्वारीने येणार नाहीत. पाणी पिण्याची प्रत्येकाची तऱ्हाही न्याहाळण्यासारखी. होला चोच बुडवून एका दमात पाणी ओढून घेतो. बुलबुल घोट घेतो, मान वर करतो, पाणी घशात उतरू देतो, मग पुन्हा वाकतो. परळ झुडपाच्या अगदी बुडाशी ठेवू नये, मांजर दबा धरून बसतं. अगदी उघड्यावरही नको, कारण अंघोळीने पंख भिजलेल्या पक्ष्याला चटकन आडोसा गाठता आला पाहिजे. डासांची शंका मात्र रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो, आणि त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. रोज पाणी ओतून टाकावं आणि दोन-तीन दिवसांनी काथ्याने कडा खसखसून घासाव्यात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: पक्षी आयतोबा होतील. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हे तपासून झालं आहे. जिथे २५ वर्षं दाणा मिळत होता तिथला दाणा बंद केला, तरी त्या चिकडी पक्ष्यांचा हिवाळ्यातला तगाव कधीच दाणा न मिळालेल्यांइतकाच निघाला. १९९२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोगाची भीती अधिक खरी. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटवली, आणि दाणा-पाण्याच्या जागी होणारी गर्दी हा त्या संसर्गाचा एक मार्ग मानला जातो. आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं. कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला. तिथे धान्याच्या राशींनी एकाच जातीची गर्दी पोसली जात होती. परळाच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे: पाण्यावर येणारे तहान भागली की उडून जातात, दिवसभर ठाण मांडत नाहीत.

दाणा खाणाऱ्यांचं तरी दाण्याने भागतं का? चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या-किडेच भरवते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या पिल्लांच्या आहारात किड्यांऐवजी वनस्पतींचा भाग वाढला, ती जास्त दगावली. लंडनमध्ये चिमण्यांना मुद्दाम अळ्या पुरवल्या, तेव्हा पिल्लं अधिक जगली, पण प्रौढ चिमण्यांची संख्या तेवढ्या प्रमाणात वाढली नाही. म्हणजे वाटीतून सगळे प्रश्न सुटत नाहीत. घाटंजीत किडे पिकवायचे तर सांदवाडीचा एक कोपरा न झाडता सोडावा, गोडनिंब वाढू द्यावा (त्याची काळी पिकलेली फळं बुलबुलाला फार आवडतात), शेवगा आणि अडुळसा लावावा, म्हणजे शिंजीरही येतो. फवारणीचा विषय इथे टाळता येत नाही. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारताना विषबाधा होऊन याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाची ही गत, तर पक्ष्याची काय! १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांतले नाकतोडे खाऊन स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी मेले होते. घरच्या कुंडीतल्या माव्यासाठी म्हणूनच बाटली उघडू नये. शिंपी आणि चष्मेवाला ते काम फुकटात करतात. आणि जूनमध्ये पेरणीनंतर पाकिटात उरलेलं लाल-गुलाबी बियाणं पाखरांना म्हणून अंगणात टाकू नये. त्या रंगासोबत बियाण्याला औषध चोळलेलं असतं.