मानमोडी आणि घरचीं पांखरें

परसांत दहा कोंबड्या, माळ्यावर पारवे आणि ओटीवर पिंजऱ्यांत पोपट, असा संसार कित्येक घरीं असतो. एके सकाळीं त्यांतील एक कोंबडी पंख पाडून बसते. तिला हिरवट हगवण लागते, श्वासाची घरघर सुरू होते आणि पुढें मान पिळवटते. हीच मानमोडी. १९२७ च्या सुमारास हिंदुस्थानांत ती राणीखेत येथें आढळली, म्हणून तिला राणीखेत रोग असेंही म्हणतात. तिजवर औषध नाहीं. आणि ती पारव्यांस व पोपटांसही जडते.

अशा वेळीं मायाळू गृहिणी आजारी पांखरास जवळ घेऊन पाणी पाजते, आणि त्याच हातांनीं इतरांस दाणे टाकते. रोगाचे विषाणु विष्ठेंत व लाळेंत असतात. हात, वहाणा आणि पाण्याचें भांडें यांवरून ते घरभर फिरतात. म्हणून दाणापाणी प्रथम निरोग्यांस द्यावें, आजाऱ्यास सर्वांच्या शेवटीं; त्याचीं भांडीं निराळीं ठेवावीं व नंतर साबणानें हात धुवावे. बाजारांतून आणलेलें पांखरूं महिनाभर वेगळें ठेवावें, कारण लक्षणें दिसण्यापूर्वींच तें रोग पसरवूं शकतें. लस मात्र पांखरें निरोगी असतांनाच द्यावी.

२००६ सालीं नवापूर येथें बर्ड फ्लू आला. मानमोडी कोणती व तो कोणता, हें घरच्या घरीं ओळखतां येत नाहीं. आणि तो माणसांसही होऊं शकतो. तेव्हां मेलेली कोंबडी चिरूं नये, खाऊं नये, पशुवैद्यास कळवावें. एकीवरील माया उरलेल्या नऊजणींच्या जिवावर बेतूं नये, इतकेंच सांगणें.