नव्या केमोच्या औषधाचा शरीरातला प्रवास: चाचणीला होकार देण्याआधी समजून घ्या

‘डॉक्टर, बाबांचं रक्त एका दिवसात आठ वेळा काढणार आहेत म्हणे. आधीच अशक्तपणा, त्यात एवढं रक्त कशाला?’ इंदिरानगरच्या माझ्या दवाखान्यात एका मुलीने हे विचारले. मुंबईच्या एका रुग्णालयाने तिच्या वडिलांना नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीत सहभागी होणार का, असे विचारले होते. संमतिपत्रावर सही करणे बाकी होते. तुमच्या घरातही असा कागद आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पहिल्या टप्प्यात काय पाहतात?

या टप्प्याचा मुख्य प्रश्न ‘औषधाने कर्करोग बरा होतो का’ हा नसतो. किती डोस सुरक्षित आहे आणि औषध शरीरात कसे वागते, हे आधी पाहतात. काही रुग्णांची गाठ लहान होते, पण तशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

एक नेहमीची पद्धत अशी: तीन रुग्णांना कमी डोस देतात. गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना थोडा जास्त. एकाला गंभीर त्रास झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघांना तपासतात. म्हणून ‘आमचा डोस कितवा?’ हे जरूर विचारा.

औषधाचे चार मुक्काम

१. शोषण: गोळी आतड्यातून रक्तात जाते. सलाइनमधून दिलेले औषध थेट रक्तात पोहोचते.
२. वितरण: रक्तातून ते गाठीपर्यंत जाते, तसेच अस्थिमज्जा, केसांची मुळे आणि तोंडाच्या आतल्या त्वचेपर्यंतही. दुष्परिणाम होतात ते यामुळेच.
३. चयापचय: मुख्यतः यकृत औषधाचे रूप बदलते.
४. उत्सर्जन: ते लघवी किंवा शौचावाटे बाहेर पडते. कार्बोप्लॅटिन मुख्यतः मूत्रपिंडातून जाते, म्हणून त्याचा डोस मूत्रपिंडाचे काम पाहून ठरवतात.

मग इतक्या वेळा रक्त का?

समजा, एखादे औषध दर सहा तासांनी निम्मे होते. सुरुवातीला १०० भाग असेल, तर सहा तासांनी ५०, बारा तासांनी २५ आणि चोवीस तासांनी सुमारे ६ भाग उरतात. एकाच नमुन्यातून हा उतार कळत नाही. औषध साचत राहिले तर पुढचा डोस घातक ठरू शकतो. फार लवकर गेले तर उपयोग होत नाही. एका नमुन्याला साधारण चमचाभर रक्त लागते. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधीच सांगा.

जुन्या औषधाचाही हिशेब लागतो

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ६-मर्कॅप्टोप्युरिन १९५३ पासून वापरात आहे. गोळी ५० मिलिग्रॅमची; लहान मुलांसाठी पालक ती तोडून, कुटून देत. त्यात नेमका डोस जाईलच असे नाही. टाटा मेमोरियल सेंटर, त्यांचे खारघरचे अ‍ॅक्ट्रेक आणि बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्ज यांनी तयार केलेले ‘प्रीव्हॉल’ हे पातळ औषध २०२५ मध्ये आले. आता मुलाच्या वजनाप्रमाणे डोस मोजून देता येतो.

याच औषधासोबत युरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल गोळी घेतली, तर ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात साचते आणि पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. म्हणून मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या, काढे, भस्मे, चूर्णे, सगळे चाचणीच्या डॉक्टरांना सांगा. ‘ते तर आयुर्वेदिक आहे’ म्हणून वगळू नका.

सही करण्याआधी विचारा

- चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?
- चाचणीत न जाता दुसरे कोणते उपचार शक्य आहेत?
- नाशिकला परतल्यावर रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तुम्ही कधीही चाचणीतून बाहेर पडू शकता; त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा.

सही करावी की नाही, हे मी त्या मुलीला सांगितले नाही. वडिलांना शेजारी बसवून हे सगळे पुन्हा समजावले. निर्णय त्यांचा होता.