तीन कोटी लिटरमागे एक किलो

शहापूरजवळचं भातसा धरण तुडुंब भरलं की पाण्याची पातळी १४२.०७ मीटरवर जाते. मुंबईच्या रोजच्या पाणी-तक्त्यात भातशाच्या नावापुढे उपयुक्त साठा लिहिलेला असतो: ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास ७१,७०० कोटी लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला निम्मा वाटा हे एकटं धरण उचलतं.

हे पाणी बृहन्मुंबईच्या ४३७ चौरस किलोमीटरवर सारखं पसरलं, तर शहरभर १.६४ मीटर खोल पाणी होईल. बेताच्या उंचीचा माणूस नाकातोंडात पाणी जाऊन गुदमरेल. तेच पाणी अख्ख्या महाराष्ट्रावर शिंपडलं तर जेमतेम २.३ मिलिमीटर, नुसता शिडकावा. छत्री उघडेपर्यंत थांबलेला!

एवढ्या पाण्यात मासे किती, हा प्रश्न मात्र तक्त्यात नसतो.

सिद्धगडाच्या कड्यावर पाऊस कोसळतो तेव्हा घाटमाथ्याच्या पूर्वेचं पाणी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघतं आणि पश्चिमेचं मुरबाडच्या ओढ्यांतून उल्हासकडे धावतं. काळू, शाई, भातसा ही सगळी उल्हासचीच भावंडं. मुरबाड-शहापूरच्या माणसाला या पाण्याची पहिली खबर मिळते ती वलगणीतून. मृगाचे पहिले मोठे सडाके झाले, ओढे गढूळले, की खवली, शिंगटी, वाम, मरळ असे मासे प्रवाहाच्या उलटे चढून थेट भातखाचरांत येतात; हीच वलगण. रात्री बॅटऱ्या घेऊन, पाग म्हणजे फेकजाळं खांद्यावर टाकून माणसं बांधावर उतरतात. वाहतं, ताजं, उथळ पाणी मिळालं की मासा अंडी घालतो, हा त्याचा जुना हिशेब.

धरणाने नेमका हाच हिशेब मोडला. भातशातून ज्या पातळीपर्यंत पाणी घेता येतं, तिची नोंद १०४.९० मीटर आहे. भरलेल्या आणि रित्या पातळीत ३७.१७ मीटरचा फरक, म्हणजे बारा मजली इमारतीची उंची. सप्टेंबरअखेर भरलेला जलाशय जूनपर्यंत त्या पातळीला उतरला, तर पाणी दिवसाला सरासरी १४ सेंटिमीटर खाली उतरतं. काठाचा उतार वीस मीटरला एक मीटर धरला, तर काठ रोज पावणेतीन मीटर मागे सरतो आणि पावसाळ्याआधी पाऊण किलोमीटर दूर जातो. मधल्या पट्ट्यात उरतात भेगाळलेला गाळ, जुन्या झाडांचे बुंधे आणि गुरांच्या खुरांचे ठसे. पाणवनस्पतींना रुजायला, शेवाळाला धरायला, अंड्यांना चिकटायला जागाच राहत नाही. काठालगत कोणी अंडी घातलीच, तर आठवड्याभरात ती उन्हात पडतात.

तळाकडे जावं, तर तिथे अंधार. उजेड वरच्या काही मीटरांतच शिरतो आणि माशाचं खाणं उजेडातच तयार होतं. म्हणजे कागदावरचं बहुतेक पाणी माशाच्या दृष्टीने रिकामी खोली आहे.

आता भागाकार करू. ७१,७०० कोटी लिटरला ३७.१७ मीटरने भागलं की जलाशयाचा सरासरी पसारा निघतो सुमारे १,९३० हेक्टर. मत्स्यशास्त्राच्या मापात हा ‘मध्यम’ जलाशय. ‘मोठा’ म्हणवून घ्यायला ५,००० हेक्टर लागतात. १९९५ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने भारतातल्या १९,३७० जलाशयांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मध्यम जलाशयांचं सरासरी उत्पादन होतं हेक्टरी वर्षाला १२.३ किलो. हा भातशाचा खरा आकडा नव्हे, देशाची जुनी सरासरी आहे. पण तीच लावून पाहिली तर वर्षाला २४ टनांच्या आत मासे येतात. पाण्याशी ताळा घातला, तर सुमारे तीन कोटी लिटरमागे एक किलो मासा! मुंबई दिवसाला ३९० कोटी लिटरच्या आसपास पाणी पिते. या हिशेबाने त्या पाण्याच्या वाट्याला १३० किलो मासे येतात. एखाद्या बऱ्यापैकी बाजारात ते सकाळी नऊच्या आत संपतील.

दुसऱ्या टोकाचा आकडा माशाच्या पोटात आहे. रोहूच्या एका मादीत सव्वादोन लाखांपासून जवळपास २८ लाखांपर्यंत अंडी मोजली गेली आहेत. कटल्याचं प्रमाण किलोमागे एक ते दोन लाख. विळीवर मासा चिरताना निघणारी गाभोळी बघा: पातळ पडद्यात गच्च बसलेले, मोहरीहून लहान, पिवळसर दाणे. तव्यावर चार घासांत संपणाऱ्या त्या गोळ्यात एका तालुक्याची लोकसंख्या मावते.

पण रोहू, कटला, मृगळ हे पुराच्या नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात मादी अंड्यांनी फुगते, सोडत मात्र नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. धरणांत सोडलं जाणारं बीज आज याच पद्धतीच्या बीज केंद्रांतून येतं: आधी जिऱ्याएवढं म्हणून मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटभर वाढलेली बोटुकली. हेक्टरी ५०० बोटुकली धरली तर १,९३० हेक्टरला साडेनऊ लाखांवर लागतात. पाच किलोच्या मादीची दहा लाख अंडी, त्यातलं पाचातलं एक बोटुकलीपर्यंत जगलं, तरी पाच माद्या सगळा जलाशय भरून टाकतील. आणि हाती किती लागतील? २४ टनांचा मासा दीड किलोचा धरला, तर सोळा हजार. शंभर बोटुकल्यांतले दोनही नाहीत. बाकीच्यांना मोठे मासे, पाणकावळे, विसर्गाचं पाणी आणि उपासमार वाटून घेतात.

याच पाण्यातले दोन मासे उलट गणित मांडतात. मरळ अंडी घालते काही हजार, पण राखते. कडेच्या उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा झुबका उकळल्यासारखा हलताना दिसला की समजावं, खाली आईबाप पहारा देताहेत. ही मंडळी हवेतून श्वास घेतात, त्यामुळे झुबका दर थोड्या वेळाने वर येतो आणि गळवाल्याला नेमका तोच सापडतो. आईबाप ओढून काढले की पिल्लांचा दिवस भरला. दुसरा मासा चिलापी, म्हणजे तिलापिया. १९५२ मध्ये भारतात आणलेला. अंडी काही शेकडाच. पण मादी ती तोंडात धरून वाढवते, वर्षातून अनेकदा. पाणी कितीही खाली जावो, तिचं पाळणाघर तिच्याबरोबर खाली जातं. लाखांनी अंडी घालणाऱ्या रोहूला ट्रकने बीज आणून सोडावं लागतं आणि शेकड्यांत मोजणारी चिलापी देशभरच्या तलावांत स्वतःच मुक्काम ठोकते.

गळ टाकणाऱ्याला हे पाठ असतं. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की मासा पसरतो, सापडत नाही. थंडीत रोहू-कटल्याची भूक मंदावते. मार्च ते मे पाणी आटतं, मासा दाटतो आणि पहाटे-सांजेला गळाला लागतो. वरच्या थरात कटला, मध्ये रोहू, तळाशी मृगळ, हे ज्याला कळलं त्याने दोरी किती खोल सोडायची ते ठरवलं.

३७ मीटर पाणी मुंबईला लागतं, त्यावर वाद घालून उपयोग नाही. हाती राहतात लहान आकडे. मत्स्यजिऱ्यांऐवजी बोटभर वाढलेली बोटुकली सोडणं, तीही पाणी चढत असताना. आणि वलगणीचे पहिले आठ दिवस अंड्यांनी भरलेली मादी पागातून परत ओढ्यात टाकणं. किलोभराच्या एका मादीची लाख अंडी वाचली आणि हजारात एक मासा जगला, तरी शंभर मासे वाढतात. त्यासाठी मुंबईचं एक लिटरही कमी करावं लागत नाही.