बोट कापलं, घर हादरलं

पनवेलच्या मासळी बाजारातून आणलेली कोलंबी सोलायला बसलं की तिच्या डोक्यावरचा काटा कधी ना कधी बोटात घुसतोच. नाहीतर विळीवर कांदा चिरताना लक्ष चुकतं आणि बोटाला चीर पडते. मग घराघरांत एकच धांदल. कोणी हळदीचा डबा शोधतं, कोणी डेटॉलची बाटली. ‘टाके पडणार बहुतेक’ असं म्हणत कोणीतरी रिक्षा बोलवायला धावतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटावरची पट्टी मनगटापर्यंत चढलेली असते. डॉक्टर ती हळूहळू सोडवतात, तेव्हा खाली निघते अर्ध्या सेंटिमीटरची चीर आणि तिच्यातलं रक्तही केव्हाच थांबलेलं असतं.

या प्रसंगावर घरात नंतर आठवडाभर हसू होतं. हसावं जरूर, पण घाबरलेल्या माणसाला वेड्यात काढू नये. त्याच्या घाबरण्यामागे खरंखुरं शरीरशास्त्र आहे.

आधी रक्ताचा हिशेब पाहू. साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं आणि रक्तदानात आपण ३५० मिलिलिटर, म्हणजे सात हजार थेंब, हसत हसत देऊन येतो. बोटाच्या चिरेतून जातात ते दहा-वीस थेंब. पण नळाखाली ते पाण्यात पसरतात आणि मोरी लाल दिसते. त्यात बोटाच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांची आणि संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. हाताच्या स्पर्शासाठी मेंदूने राखून ठेवलेली जागा अख्ख्या पाठीच्या वाट्याला आलेल्या जागेपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यामुळे जखम छोटी आणि ठणका मोठा, हे अगदी खरं असतं.

काहींना तर रक्त दिसताच भोवळ येते, आणि ते नाटक नसतं. इतर बहुतेक भीतींत छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. रक्ताच्या भीतीत मात्र आधी तो चढतो आणि मग एकदम कोसळतो. नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली बसतो. हा स्वभाव बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. अशा माणसाला चारही बाजूंनी घेरून, धरून उभं करू नये. आडवं करावं आणि पाय उशीवर उंच ठेवावेत. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर एक साधा उपाय दाखवून दिला: हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. रक्तदाब वर राहतो आणि भोवळ टळते. इंजेक्शनला घाबरणाऱ्यांनी हे शिकून ठेवावंच.

इकडे बोटात काम सुरू झालेलंच असतं. कापलेली रक्तवाहिनी आक्रसते. रक्तातले बिंबाणू (प्लेटलेट्स) जखमेच्या कडांना चिकटतात, एकमेकांना चिकटतात आणि गुठळी करतात. मग रक्तातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार होऊन मासेमारीच्या जाळ्यासारखे तिच्यावर पसरतात. काही तासांत जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी हजर होतात आणि कडांच्या त्वचेच्या पेशी मध्याकडे सरकू लागतात. आपलं काम एवढंच: वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं सलग दाबून धरायची. मधेमधे उघडून पाहिलं की नुकतंच धरलेलं रक्त पुन्हा सुटतं.

जखम उघडी ठेवून वाळवावी, ही समजूतही सोडायला हवी. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघडीपेक्षा साधारण दुप्पट वेगाने भरते. आणि हळद? जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) लढा देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं, याचा अभिमान मलाही आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती जखमेत बसली की जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही. पाणी न मिसळलेलं डेटॉल तर नव्या पेशीच जाळतं.

राहिलं धनुर्वाताचं इंजेक्शन. दर सहा महिन्यांनी ते घ्यावं लागतं, असं अजून कितीतरी घरांत मानतात. लसीचे मूळ डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं पुन्हा गरज नसते. माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी ही मुदत पाच वर्षं धरतात. साध्या चिरेला अँटिबायोटिकही लागत नाही.

मात्र आकाराने छोट्या असूनही ज्यांच्याबाबत धावपळ रास्त, अशा जखमा आहेत. कुत्र्याच्या दाताचा किंवा नखाचा ओरखडा साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रुग्णालय गाठलंच पाहिजे. भातलावणीच्या चिखलात पाय कापला तर धनुर्वाताचा धोका खरा असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालताना पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ पसरली होती. अशा पाण्यातून चालल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. दाबूनही दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरत असेल किंवा मधुमेह असेल, तर वाट पाहू नये.

आज घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख शोधा आणि औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.