जुन्या आंब्याला नवी पालवी

वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावात जुन्या घराच्या परसात एखादा आंबा हमखास आढळतो. तो लावणारे हात आज थकलेले असतात. मुले नोकरीनिमित्त विरार-मुंबईकडे गेलेली असतात. मग झाड मोकाट वाढते. फांद्या एकमेकींत गुंततात, आत काळोख दाटतो आणि फळे केवळ शेंड्यावर धरतात. ती वटवाघळे खातात किंवा कौलांवर आपटतात. अखेर घरात विषय निघतो, “झाड तोडूनच टाकू या का?” आजोबा गप्प बसतात. त्या गप्प बसण्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

कारण असे झाड बहुधा संपलेले नसते. ते दुर्लक्षित असते. आंब्याचा मोहोर फांद्यांच्या टोकांवर येतो आणि त्यासाठी पानांना ऊन लागते. उजेड केवळ माथ्यावर पोहोचत असेल, तर खालच्या फांद्या हळूहळू निरुपयोगी होतात. योग्य छाटणीने हा उजेड पुन्हा आत येतो. दापोलीला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनावर काम केले आहे.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास हे काम हाती घ्यावे. प्रथम वाळलेल्या व किडक्या फांद्या काढाव्यात. बांडगूळ दिसल्यास ते चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह कापावे. नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. त्यानंतर मधोमध सरळ वर गेलेली फांदी कमी करावी. जड फांदी कापताना आधी खालून अर्धवट काप घ्यावा, मग वरून. नाहीतर फांदीच्या भाराने खोडाची साल सोलली जाते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून, प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करावा. हातमोजे घालावेत. पुढे खोडावर भुसा पडलेला दिसला, तर भिरुड किडीची शंका घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवावे.

सर्व फांद्या एकदम उतरवल्या, तर दोन-तीन वर्षे फळ मिळत नाही. ऐंशीच्या घरातील माणसासाठी तेवढा काळ लहान नव्हे. म्हणून घरच्या झाडाची छाटणी तीन हिवाळ्यांत विभागावी, दरवेळी साधारण एक तृतीयांश. एका बाजूला नवे धुमारे फुटत असताना दुसऱ्या बाजूला थोडे तरी आंबे लागतात. धुमारे दाट आले, की त्यांतील बाहेरच्या दिशेने वाढणारे दोन-तीन सशक्त ठेवून बाकीचे काढावेत.

ज्येष्ठांनी मात्र झाडावर किंवा शिडीवर चढू नये. ठिसूळ झालेली हाडे आणि रक्त पातळ करणारी औषधे यांमुळे साधे पडणेही जिवावर बेतू शकते. चढणारा माणूस जाणकार असावा. जवळून विजेची तार जात असेल, तर आधी वीज कंपनीला कळवावे. आंब्याचा चीक कातडीला पोळतो, याचेही भान ठेवावे. फांद्या तोडण्यापूर्वी ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडे परवानगीची चौकशी करावी.

याचा अर्थ आजोबांनी घरात बसावे असा नाही. कोणती फांदी गोड फळ देते, कोणत्या वर्षी वाऱ्याने कोणती मोडली, हे त्यांनाच ठाऊक असते. सावलीत खुर्ची मांडून त्यांना विचारावे, “ही काढू का, आजोबा?” शेवटचा शब्द त्यांचा असू द्यावा. सांभाळणाऱ्यांनी ज्येष्ठांचे कष्ट जरूर कमी करावेत. त्यांचा अधिकार कमी करू नये.

झाडाची उंची खाली आली, की जमिनीवर उभे राहून झेल्याने आंबे उतरवता येतात. मधुमेह असल्यास किती खावेत, ते डॉक्टरांना विचारावे. रसाऐवजी फोड बरी. पहिला आंबा मात्र आजोबांच्या हातात द्यावा. वाटणी तेच करतील.