गुडघेदुखीवर लेसर आणि ओझोन

गेल्या महिन्यात साठी ओलांडलेल्या एक आजी मुलाबरोबर माझ्याकडे आल्या. जिना चढताना गुडघे ठणकतात, मांडी घालून बसता येत नाही, ही नेहमीची तक्रार. मुलाचा प्रश्न मात्र वेगळा होता. "डॉक्टर, लेसर आणि ओझोनने झिजलेली गादी पुन्हा भरून येते म्हणतात. सगळे पैसे आधीच भरायचे आहेत. आईच्या पाटल्या गहाण ठेवू का?" हा प्रश्न अनेकांना पडत असेल, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यालाच आपण गादी म्हणतो. वाढते वय, जादा वजन किंवा जुनी दुखापत यांमुळे ती झिजते, सांध्याला सूज येते आणि दुखते म्हणून हालचाल कमी केली की मांडीचे स्नायूही दुबळे होतात.

लेसरला लोक 'शेक' म्हणतात, पण या मंद लेसरची ऊब फारशी जाणवत नाही. प्रकाश त्वचेतून आत जाऊन सूज व वेदना कमी करतो, अशी त्यामागची कल्पना आहे. २०१९ साली २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. योग्य मात्रा दिलेल्या रुग्णांच्या वेदना त्यात कमी झालेल्या दिसल्या. तरीही पुरावा अपुरा असल्याचे सांगून ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये हा उपचार देऊ नये असे सुचवले.

ओझोन म्हणजे प्राणवायूचेच तीन अणूंचे रूप. प्राणवायूत थोडा ओझोन मिसळून तो सुईने सांध्यात सोडतात. ब्राझीलमध्ये ९८ रुग्णांवर आठवड्याला एक अशी आठ इंजेक्शने देऊन झालेल्या चाचणीत (२०१७) ओझोनच्या गटाला अधिक आराम पडला. पण ही पाहणी काही महिन्यांपुरतीच होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोन हा विषारी वायू गणला आहे. तो श्वासात गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो आणि सांध्यात सुई घातली की जंतुसंसर्गाचा धोका थोडा तरी असतोच.

म्हणजे काहींना आराम पडू शकतो, पण झिजलेली गादी या दोन्हींनी भरून येते हे सिद्ध झालेले नाही. तसे वचन देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

मग करायचे काय? खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजावेत, हळूच खाली आणावा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर उतरवावे. एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा धीर सोडू नये. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आजींना मी हेच सांगितले. पाटल्या त्यांच्या हातातच आहेत आणि व्यायाम सुरू आहे.