परसातली लाल अंबाडी

अंबाडीची भाजी म्हटली की आपल्यातलेच काही जण नाक मुरडतात. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ आणि हा आंबट पाला एकत्र शिजवून घोटायचा, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. हे म्हणे गरिबाघरचे जेवण! तोच पाला तेलंगणात ‘गोंगुरा’ होऊन हौसेने खाल्ला जातो, उत्तर कर्नाटकात ‘पुंडी’ म्हणून भाकरीसोबत असतो. इजिप्तमध्ये तर लाल बोंडांचा काढा ‘करकदे’ या नावाने पाहुण्यापुढे ठेवतात. शहरात आलेल्या मुलाबाळांनी या भाजीची लाज धरावी, हे आम्हाला पटत नाही.

अंबाडीचे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. एक वाखाची, जिचे दांडे पाण्यात कुजवून दोरासाठी वाख काढतात. हिच्या दांड्यावर बारीक काटे असतात. दुसरी लाल देठांची, जिची बोंडे मांसल होतात. भाजी दोन्हींची होते, पण सरबत हवे तर बी लाल अंबाडीचेच घ्यावे.

जागा नाही ही सबब चालणार नाही. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोके पाडली, अर्धी माती, अर्धे कुजलेले शेणखत भरले, की एक झाड सुखाने वाढते. जमिनीत लावल्यास दोन झाडांत २ फूट अंतर ठेवावे. पाणी तुंबले की मूळ कुजते. भेंडीच्या जुन्या वाफ्यात मात्र लावू नये. दोघी एकाच कुळातल्या, त्यांचे रोगही सारखे.

खरी मेख पेरणीच्या वेळेत आहे. अंबाडी वयावर फुलत नाही, दिवस लहान झाले की फुलते. म्हणून जूनमध्ये, पहिल्या पावसावर टाकलेले बी ऑक्टोबरपर्यंत माणसाच्या उंचीला जाते, फांद्या फोडते आणि बोंडांनी लगडते. सप्टेंबरात पेरलेले रोप हातभर असतानाच फुलू लागते. मग ‘बीच खराब निघाले’ म्हणून दुकानदाराला बोल लावतात. बिचाऱ्याचा काय दोष? रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडतो अशी जागाही टाळावी, कारण रात्रीचा लांब अंधार हाच तिला फुलण्याचा इशारा असतो.

रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडावा. तीच पहिली भाजी. खुडल्या जागेखालून फांद्या फुटतात, जितक्या फांद्या तितकी बोंडे. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कोवळी पाने काढता येतात, पण झाड उघडेबोडके करू नये. सप्टेंबर लागला की खुडणी आवरती घ्यावी. घरात रोज भाजीचा प्रश्न असताना हा हात आवरणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून एक झाड भाजीला आणि एक बोंडांना, अशी वाटणी आधीच करावी. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा. खाण्याच्या पाल्यावर विषारी फवारा नको.

फूल एकच दिवस टिकते. ते गळाल्यावर साधारण दहा दिवसांनी लाल पाकळ्यांसारखे आवरण जाड व कुरकुरीत होते, तेव्हाच बोंड तोडावे. पुढे ते चिवट होते. आतली हिरवी बोंडी काढून टाकून आवरण सावलीत वाळवले की वर्षभर चहाला, चटणीला पुरते.

पाला उकडल्यावर पाणी ओतून द्यावे का, यावर घरोघरी वाद आहेत. आमचे मत असे की कोवळ्या पाल्याचे ओतू नये, जून पाल्याचे ओतावे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पाणी ओतूनच, तेही बेताने खावे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर बोंडांचा काढा रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्याने रक्तदाब थोडा उतरतो. पदार्थ आंबट असल्याने ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये. स्टीलचे किंवा मातीचे बरे.

शेवटची चार-सहा बोंडे झाडावरच वाळू द्यावीत. तडकण्याआधी ती काढून, बी उन्हात वाळवून, राख मिसळून बाटलीत भरावे आणि मूठभर शेजारणीलाही द्यावे. पुढच्या जूनला ज्याचे उगवले नाही त्याला दुसरीकडून मिळेल.